अष्टमीचा पितर

"ते मांडलेलं पान हाय ना, त्याच्यावरच बसव शेठले," गजेंद्र स्वयंपाकघराच्या दारात येऊन दबक्या आवाजात म्हणाला.

शुभांगी कढीत पळी फिरवत होती. तिचा हात थांबला. "अवो, ते पितराचं पान हाय."

"मंग? दुसरं मांडता येत नाही काय? शेठ घाईत हायत. पह्यल्यांदा आपल्या घरी आले, त्यायले उपाशी लावून देऊ?"

"हिरालालकाका तयार होऊन बसले असतीन ना."

"ते का कुठी पळून चालले? घरचाच मानूस हाय तो. दहा मिनिटं इकडं नाही तं तिकडं. तू वाढ."

नवऱ्याचा आवाज दबका असला तरी त्यात विचारणं नव्हतं, सांगणं होतं. शुभांगीनं कढी उतरवली आणि वाटी हातात घेतली.

बाहेरच्या खोलीत बाबूलालशेठ पंख्याखाली रुमालानं मान पुसत बसले होते. रिसोडच्या भाजीबाजारात त्यांची अडत. शिरपूरला देवदर्शनाला निघाले होते, रस्त्यात गजेंद्रचं गाव लागलं आणि ड्रायव्हरला तहान लागली म्हणून गाडी थांबली. एवढंच निमित्त. पण गजेंद्रला वाटलं, साक्षात लक्ष्मी दारात आली. त्याचा चार एकरांचा भाजीचा मळा. पहाटे सांबार, म्हणजे कोथिंबीर, तोडून, जुड्या बांधून तो बाजारात नेई. हर्रासात, म्हणजे लिलावात, ज्याचा माल पहिला निघाला, त्याचं फावलं. मागे राहिला की उन्हानं सांबाराची मान पडते आणि मग तो कुणी हुंगतही नाही. कुणाचा ढीग पहिला काढायचा, हे बाबूलालशेठच्या नुसत्या मानेच्या हलण्यावर ठरे. ती मान आज गजेंद्रच्या घरात, गजेंद्रच्या पंख्याखाली होती.

"आज काय हाय घरी? वड्याचा वास येऊन राह्यला," शेठ म्हणाले.

"कायी नाही, बाबाची तिथी हाय. अष्टमी. चला, दोन घास घ्या."

शेठ जाणते माणूस. रांगोळी काढलेला पाट पाहून ते उभेच राहिले. "हे पितराचं पान दिसते. मी कसा बसू बाप्पा त्याच्यावर?"

आणि गजेंद्र हसून म्हणाला, "तुमीच आमचे पितर समजा, शेठ! बसा."

आमच्या भागात पितृपंधरवड्यात गेलेल्या माणसाच्या नावानं ज्याला जेवायला बोलावतात, त्यालाही पितरच म्हणतात. "यंदा पितर कोन सांगतला?" असं बाया विहिरीवर, नळावर एकमेकींना विचारतात. लग्नाच्या पत्रिकेत निमंत्रित असतात, सत्यनारायणाला पाहुणे असतात, वास्तूला गाव लोटतं. पण पितर एकच. तो सकाळपासून तोंडात काही घालत नाही. घरात आला की त्याचे पाय धुतात, कपाळाला गंध लावतात. पहिलं पान त्याचं. तो उठेपर्यंत घरातलं कुणी जेवत नाही. एरवी ज्याला कुणी 'बस' म्हणत नाही, त्याच्याही पाया त्या दिवशी घरची म्हातारी माणसं पडतात, कारण त्या पाटावर बसलेला माणूस त्या वेळी स्वतः कुणी नसतो, त्या घरचा गेलेला माणूस असतो.

आणखी एक रीत आहे. आदल्या दिवशी आवतन दिलं म्हणून पितर आपण होऊन येत नाही. पानं वाढली की घरच्यानं पुन्हा जायचं आणि "चला" म्हणायचं. त्या दुसऱ्या बोलावण्याशिवाय येणं म्हणजे जेवणासाठी हपापल्यासारखं दारात उभं राहणं. सूर्य डोक्यावरून ढळला तरी निमंत्रित माणूस आपल्या ओट्यावर बसून राहील, पण उठणार नाही. बाहेरगावच्या माणसाला हा वेडेपणा वाटेल. आम्हाला ती आबरू वाटते.

गजेंद्रचे वडील दौलतराव गेल्यापासून त्या घरचा पितर हिरालालच होता. दौलतरावांच्या मळ्यात पाण्याचे बारे देण्यात त्याचं सगळं आयुष्य गेलं. रात्रीची लाईट असली की रात्री, दिवसाची असली की दिवसा, खांद्यावर फावडं टाकून या दांडातून त्या दांडात पाणी वळवायचं, एवढंच त्यानं केलं. बायको जमनाबाई कधीच गेली. एक मुलगी, साधना, ती धनजला दिलेली. आता हातापायांनी होत नाही म्हणून तो मळ्यावर येत नसे. गावाच्या तोंडाशी, रस्त्याला लागून त्याचं टिनाचं घर होतं. लग्नाकार्यात त्याला आवतन असे ते घरटी एक म्हणून, शेवटच्या पंगतीला. वर्षातून एकच दिवस त्याला कुणी हात जोडून न्यायला येई, आणि तो दिवस अष्टमीचा.

बाबूलालशेठ पितराच्या पाटावर बसले. शुभांगीनं वाढलं. खीर, वडे, कढी, काशीफळाची भाजी, कारलं, भेंडी. शेठ चवीनं खाणारे होते. "वा, वडे झकास हायत," ते म्हणाले, तेव्हा गजेंद्रला आपलीच पाठ थोपटल्यासारखं वाटलं.

मागच्या अंगणात चुलीवर गजेंद्रची आई पंचफुला वडे तळत होती. गुडघ्यांमुळे तिला एकदा बसलं की उठवत नसे. सकाळपासून तिच्याही पोटात पाण्याचा थेंब नव्हता. शुभांगी गरम वडे न्यायला आली तेव्हा तिनं विचारलं, "बसले काय गं?"

"हो आत्याबाई. बसले."

"वाढजो बरं नीट. कारलं वाढलं ना? तुह्या सासऱ्याले कारलं लय आवडे."

शुभांगीच्या अगदी ओठावर आलं होतं की आत्याबाई, ते काका नाहीत. पण धुरानं लाल झालेल्या डोळ्यांनी सासू इतकी समाधानानं पाहत होती की तिनं वडे उचलले आणि ती आत गेली. नंतर सांगू, तिनं मनाशी म्हटलं. नंतर सांगायच्या गोष्टी घरात किती साचतात, ते बायकांनाच माहीत.

हात धुता धुता शेठ म्हणाले, "शिरपूरच्या अलीकडं एकानं शेडनेटात सांबार लावला हाय. उन्हाळ्यातही हिरवागार. पाह्यचा काय? चाल माह्यासंगं, येताना सोडून देईन."

अडत्याच्या गाडीत, अडत्याच्या शेजारी बसून जायचं. गजेंद्रनं चप्पल कधी घातली तेही त्याला कळलं नाही.

गाडी गावाच्या तोंडाशी आली. हिरालाल घराबाहेर दगडावर बसला होता. अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, पांढरी टोपी घालून. मांडीवर दोन्ही हात ठेवून तो रस्त्याकडे पाहत होता. गाडीत गजेंद्र दिसताच त्याचा चेहरा उजळला. गुडघ्यावर हात देऊन तो अर्धा उठला.

गजेंद्रच्या मनात आलं, थांबा म्हणावं, खाली उतरावं, दोन मिनिटांचं काम. पण शेठ त्याच वेळी म्हणत होते, "उद्यापासून तुहा माल आंधी काढत जाऊ, काय?" अशा वाक्याच्या मध्ये कुणी गाडी थांबवायला सांगतं का? गजेंद्रनं काचेतून हात वर केला. नमस्कार की 'आलोच' की 'थांबा', त्या हाताचा अर्थ त्याला स्वतःलाही सांगता आला नसता. शुभांगी कुणाला तरी पाठवेल, असं त्यानं धरून चाललं. गाडी पुढे गेली. मागे वळून पाहायचं धाडस त्याला झालं नाही.

आणि घरी शुभांगीनं धरून चाललं होतं की काकांचं घर रस्त्यावरच आहे, नवरा जाता जाता त्यांना 'चला' म्हणेल. तिनं नवं पान मांडून ठेवलं. काका येतात का म्हणून दोनदा दाराशी जाऊन आली. तेवढ्यात मागच्या अंगणातून पंचफुलाचा आवाज आला, "पितर उठला असंल तं मले वाढ वं माय. चक्कर येऊन राह्यली." शुभांगीनं क्षणभर दाराकडे पाहिलं, मग मागं जाऊन सासूच्या पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि वाढलं.

गजेंद्र परतला तेव्हा उन्हं कलली होती. शेडनेट पाहून त्याच्या डोक्यात शंभर हिशोब चालू होते. शेठनी त्याला फाट्यावरच सोडलं होतं, म्हणून तो मळ्यातल्या पायवाटेनं मागच्या दारानं आला. पंचफुला ओसरीत भिंतीला टेकून सुपारी कातरत होती. चेहरा तृप्त.

"काय म्हने मंग भाऊजी?" तिनं विचारलं. "कारलं आवडलं काय? मी सामोरं येईन म्हनलं तं गुडघे उठू देत नाहीत. मले न भेटताच गेले."

गजेंद्रनं शुभांगीकडे पाहिलं. शुभांगीनं गजेंद्रकडे.

"तुमी सांगतलं ना जाता जाता?" शुभांगीनं विचारलं.

"मी? मी तं गाडीत होतो. तू धाडलं नाही कोनाले?"

"गाडी त्यायच्या दारावरूनच गेली ना!"

पंचफुलाचा अडकित्ता थांबला. एकाच्या तोंडाकडे, मग दुसऱ्याच्या तोंडाकडे तिनं पाहिलं. "मंग जेवलं कोन?"

गजेंद्र चप्पल काढायला वाकला.

"गजू, पाटावर जेवलं कोन?"

"शेठ आलते आई. अचानक आले, घाईत होते..."

पंचफुला ओरडली असती तर गजेंद्रला बरं वाटलं असतं. दोन शिव्या हासडल्या असत्या तर त्यानं खाली मान घालून ऐकून घेतल्या असत्या. ती फक्त आपल्या हातांकडे पाहत राहिली. तोंडातली सुपारी तिनं पदराच्या टोकात काढली.

"मी जेवली रे गजू," ती म्हणाली. "त्याच्या आंधी मी पोटभर जेवली."

गजेंद्र मोटारसायकल न काढता पायीच निघाला, जवळजवळ पळत. मागून आईचा आवाज आला, "सुभे, दूध काढ. नवी खीर कर. चूल पेटव लवकर, दिवस हाये अजून."

हिरालाल आता दगडावर नव्हता. घरात खाटेवर बसला होता. टोपी डोक्यावरच होती. चूल सकाळी सारवलेली, तशीच कोरडी. गजेंद्रला पाहून त्यानं "ये बापू" म्हटलं, पण आवाज खोल गेला होता.

"काका, चुकलो. लय मोठी चूक झाली. चला."

"बस आंधी. घाम पूस."

"तुमी सकाळपासून..."

"च्या बी नाही घेतला. पितरानं घेत नाही ना." हिरालाल साधेपणानंच म्हणाला. "मले वाटलं, सैपाकाले उशीर झाला असंल. तू हात केला गाडीतून, तं मी म्हनलं, येऊन राह्यला परत."

गजेंद्रला जमिनीत जावंसं वाटलं. ज्या हाताचा अर्थ त्याला स्वतःला ठाऊक नव्हता, त्या हाताच्या भरवशावर हा माणूस दिवसभर उपाशी बसला होता.

"चला काका. आईनं नवी खीर मांडली. नवं पान वाढतो. मी सोता वाढतो."

"पान नवं हाये," हिरालाल म्हणाला. "पयलं हाय काय?"

गजेंद्र खाटेच्या कडेला टेकला.

"कोन बसलं पयले?"

"अडत्या. रिसोडचा."

"अन् वयनी जेवली?"

"तिले मालूम नव्हतं काका. तिची काय चूक नाही. माही हाय सगळी."

 हिरालालनं गजेंद्रच्या गुडघ्यावर हात ठेवला.  "हे पाह्य गजू. मले राग नाही आला. हिरालालले राग येऊन कोनाचं काय बिघडते? मले तू रोज म्हन, काका, सांजचं उरलं हाय, खाऊन घ्या. मी पळत येईन. तुह्या घरचं उष्टं खाऊनच म्हातारा झालो मी. पन आज मी हिरालाल नाही ना बापू. काल तू माह्या दारात हात जोडून उभा राह्यला, अन् म्हनला, काका, उद्या तुमी पितर. तवापासून मी दौलत हाव. सकाळी अंघोळ केली ते दौलतची केली."

"काका, असं नका करू."

"मळ्यात दौलतची भाकर यायची. मी तिकडं दूर बाऱ्यावर असो. तो फडकं सोडत नव्हता. बांधावरून हाका मारे, हिऱ्या, ये रे, भाकर वाट पाहून राह्यली. मी जाऊन हात धुईन तवा फडकं सोडे. एवढा मोठा शेतमालक, पन कधी माह्या आंधी घास नाही घेतला त्यानं." हिरालालनं डोक्यावरची टोपी सावरली. "अन् त्याले मी आज घेऊन जाऊ? त्याच्याच घरी? सगळे जेवल्यावर? तूच सांग."

गजेंद्रच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. 'तुमीच आमचे पितर समजा, शेठ' हे आपलंच हसतमुख वाक्य त्याच्या कानात घुमत होतं. आपण बापाचं नाव एका जिवंत माणसाला खूश करायला वापरलं, आणि ज्यानं ते नाव दिवसभर उपाशीपोटी सांभाळलं त्याला दगडावर बसवून ठेवलं. हे त्यानं हिरालालला सांगितलं नाही. सांगायची हिंमतच नव्हती.

"मंग डबा आनतो. इथंच खा."

"पितराले डबा देत नाहीत लेका," हिरालाल किंचित हसला. "जाय तू. वयनीले सांग, जिवाले लावून घेऊ नोको. दिवस बुडाला की मी खिचडी टाकतो माह्यापुरती."

गजेंद्र उठला, दारापर्यंत गेला. वळून पाहिलं तर हिरालालनं डोक्यावरची टोपी काढली होती आणि तिची घडी घालत होता. दोन्ही हातांनी, हळूहळू, कडा जुळवून. मग ती त्यानं उशाला ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.

घरी नवी खीर चुलीवर आटत होती. पंचफुलानं मुलाला एकट्याला येताना पाहिलं आणि काही न विचारता चुलीतली लाकडं बाहेर ओढली. त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही. खीर झाकून ठेवली, वडे टोपलीत तसेच राहिले.

पहाटे गजेंद्र सांबार घेऊन बाजारात गेला. बाबूलालशेठनी मान हलवली, आणि त्याचा ढीग सगळ्यांच्या आधी निघाला. भाव चांगला लागला. बाजूचे लोक त्याच्याकडे हेव्यानं पाहत होते. शेठ म्हणाले, "काय रे, काल वडे लय झकास होते. घरी सांगजो." गजेंद्रनं "हाव" म्हटलं आणि रिकामी पोती गोळा करायला वाकला, ते बराच वेळ वाकलेलाच राहिला.

तो घरी आला तेव्हा मागच्या अंगणातून बोलण्याचा आवाज येत होता. हिरालाल आला होता. मागच्या दारानं, न बोलावता. डोक्याला मळका रुमाल, अंगात रोजची बंडी. चुलीपाशी जमिनीवर उकिडवा बसला होता.

"कालचे वडे असतीन तं दे ना दोन, वयनी. तुह्या हातचे वडे म्हनजे... रातीपासून जीव वढून राह्यला."

 पंचफुलानं भिंतीला टेकवलेला पाट ओढून पुढे केला. हिरालालनं तो हलकेच बाजूला सरकवला. "जमीनच बरी. थंड लागते."

"गरम करून देऊ?" शुभांगीनं विचारलं. तिचा आवाज रडवेला झाला होता.

"नोको वं माय. शिळे वडे गरम केले तं चव जाते. कढी असंल तं दे आंबलेली."

तिनं जर्मनच्या चेपलेल्या ताटलीत वडे, कढी, उरलेलं कारलं वाढलं. हिरालाल जेवू लागला. वडा कढीत बुडवायचा, क्षणभर थांबायचं, मग तोंडात घालायचा. कारलं त्यानं निवडून एका बाजूला सारलं. त्याला कारलं आवडत नव्हतं. इतकी वर्षं त्या पाटावर बसून तो सगळ्यांत आधी कारलं का मिटक्या मारत खात होता, ते गजेंद्रला आत्ता कळलं. बाजूला सारलेल्या त्या कारल्याकडे तो पाहत राहिला.

पंचफुलाचंही लक्ष तिकडे गेलं. तिनं तोंडाला पदर लावला.

हिरालालनं ताटली बोटानं पुसून साफ केली, तेवढं कारलं सोडून. गजेंद्र तांब्या घेऊन पुढे झाला आणि वाकून त्याच्या हातांवर पाणी घालू लागला. हिरालालनं नको म्हटलं नाही. म्हाताऱ्या बोटांमधून कढीचं पिवळं पाणी खाली मातीत जात होतं.

"पोट भरलं काय, काका?" गजेंद्रनं विचारलं. हे विचारायचा आपल्याला हक्क नाही, हे विचारतानाच त्याला कळत होतं.

हिरालालनं ओले हात बंडीला पुसले. तो गुडघ्यावर हात देऊन उठला, रुमाल नीट केला आणि गजेंद्रकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, माया होती, आणि तीच सहन होत नव्हती.

"माह्यं भरलं, बापू," तो म्हणाला आणि मागच्या दारानं निघून गेला.

पुढची अष्टमी वर्षानं होती. गजेंद्रच्या हातातल्या कलत्या तांब्यातून पाण्याची धार रिकाम्या जागेवर पडत राहिली.